शिष्यत्व, सामर्थ्य आणि प्रपंच : मराठी ख्रिस्ती भक्तिसाहित्याचा सावित्रीच्या खोऱ्यातून विचार

१. विषयप्रवेश

मराठीच्या अभ्यासपरंपरेत ख्रिस्ती साहित्याला काही ठरावीक जागा मिळालेल्या आहेत. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) भाषेच्या इतिहासात येते. रेव्हरंड ना. वा. टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आधुनिक कवितेच्या आरंभकाळात येतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्र, स्त्रीलेखन आणि विनोद या शीर्षकांखाली वाचली जातात. या तिन्ही ठिकाणी या ग्रंथांचा गौरवच होतो. परंतु ज्या प्रश्नाने हे लेखन आतून धरून ठेवले आहे, तो प्रश्न मात्र वाङ्मयबाह्य, ‘धार्मिक’ म्हणून बाजूला राहतो. ख्रिस्ताचा शिष्य होणे म्हणजे रोजच्या जगण्यात नेमके काय करणे, आणि त्यासाठी लागणारे आत्मिक सामर्थ्य माणसाला कोठून व कसे मिळते, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न मराठी भाषेत प्रथम ख्रिस्ती लेखकांनी विचारला असे नाही. शिष्य कोण, गुरू कोण, प्रपंचात राहून परमार्थाचे बळ कसे टिकवावे, याची चर्चा मराठी संतवाङ्मयात शतकानुशतके चालत आलेली होती. म्हणूनच टिळक दांपत्याच्या लेखनातील शिष्यत्वाची कल्पना समजून घ्यायची, तर ती या जुन्या चर्चेच्या शेजारी ठेवून पाहणे अगत्याचे आहे. तसे पाहिले असता असे दिसते की, टिळकांनी शिष्यत्वाला संप्रदायप्रवेशाच्या विधीपासून मोकळे केले, आणि त्या शिष्यत्वाची खरी परीक्षा लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात झाली. हे प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. खोरे आणि त्यातील तीन स्थळे

या विचारासाठी महाड-पोलादपूरचा परिसर ही एक सोयीची निरीक्षणजागा आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. या एका खोऱ्यात प्रस्तुत विषयाशी निगडित अशी तीन स्थळे आहेत. महाड तालुक्यातील शिवथरची घळ हे समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ सांगितल्याचे परंपरेने मानलेले ठिकाण. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये त्याची निश्चिती केली. पोलादपूरला ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंद यांची समाधी आहे, राजदरबाराशी संबंध असलेला हा कवी संन्यस्त पुरुष म्हणूनही लोकस्मरणात राहिला. तिसरे स्थळ महाडचे चवदार तळे. येथील १९२७ च्या घटनेने धार्मिक सामर्थ्याच्या सगळ्याच दाव्यांपुढे एक नवी कसोटी उभी केली.

खोऱ्याच्या मुखाशी असलेल्या बाणकोटला स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ मध्ये काम सुरू केले. १८२९ मध्ये मुंबईला आलेले डॉ. जॉन विल्सन यांचे मराठीचे आरंभीचे शिक्षण हर्णै-बाणकोटच्या या पट्ट्यातच झाले. स्वतः टिळकांचा जन्म १८६१ मध्ये खाडीच्या दक्षिणेकडील दापोली भागात, करजगाव येथे झाला. या जवळिकीवरून वाङ्मयीन प्रभाव सिद्ध होत नाही. तसा दावा येथे अभिप्रेतही नाही. मात्र घळ, समाधी, तळे आणि खाडी ही चार ठिकाणे एकत्र ध्यानात घेतली, की एरवी वेगवेगळ्या तासिकांत शिकवले जाणारे विषय एकाच प्रश्नाच्या बाजू आहेत, हे स्पष्ट होते.

३. ‘शिष्य’ आणि ‘सामर्थ्य’ : शब्दविचार

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेतील ‘मॅथेटेस’ या शब्दाचा अर्थ शिकणारा असा आहे. अमेरिकन मराठी मिशनने नवा करार १८२६ मध्ये आणि संपूर्ण बायबल १८४७ मध्ये मराठीत प्रसिद्ध केले. मराठी बायबलमध्ये या शब्दासाठी ‘शिष्य’ हा शब्द रूढ झाला. ही निवड वरवर साधी वाटते. तिचे परिणाम मात्र दूरगामी आहेत. ‘शिष्य’ हा शब्द ‘शास्’ या धातूपासून येतो. शासन, शिक्षण आणि शिस्त या सगळ्यांचा त्यात अंतर्भाव आहे. मराठी वाचकाच्या कानात तर तो एकटा येतच नाही. त्याच्यासोबत गुरू येतो, अनुग्रह येतो, उपदेश येतो, सेवा येते, गुरुवचनावरील अढळ विश्वास येतो. येशूच्या मागे जाणाऱ्या गालीलच्या कोळ्यांना मराठीत ‘शिष्य’ म्हणताच या सर्व अर्थच्छटा त्यांना आपोआप चिकटल्या.

दुसरा शब्द ‘सामर्थ्य’. पुनरुत्थित ख्रिस्त आपल्या शिष्यांना पवित्र आत्म्याच्या आगमनाने बळ मिळेल असे अभिवचन देतो, त्या प्रेषितांच्या कृत्यांतील प्रसंगी मराठी बायबल ‘सामर्थ्य’ हाच शब्द योजते. ज्या संताला महाराष्ट्र ‘समर्थ’ म्हणून ओळखतो, त्याच्या विचाराशी हा शब्द मराठीत जोडलेला आहे. तेव्हा ख्रिस्ती उपदेशकाने ‘आत्म्याचे सामर्थ्य’ असे म्हटले, की श्रोत्याच्या मनात आधीपासून असलेल्या एका कल्पनेशी त्याला संवाद करावा लागतो.

४. दासबोधातील शिष्य

दासबोधाच्या वीस दशकांपैकी पाचवे दशक गुरू-शिष्य विचाराला वाहिलेले आहे. त्यातील दुसरा समास गुरुलक्षणाचा, तिसरा शिष्यलक्षणाचा. या दशकाचा क्रमही विचारपूर्वक योजलेला दिसतो : गुरू, शिष्य, उपदेश, ज्ञान आणि मग बद्ध, मुमुक्षु, साधक, सिद्ध अशा चार अवस्था. शिष्यत्व ही एकदा घडून संपणारी घटना नसून ती एक वाटचाल आहे, हे या क्रमातूनच सूचित होते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने चार मुद्दे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, करामती दाखविणाऱ्याला लोक गुरू म्हणत असले, तरी तो मोक्षदाता सद्गुरू नव्हे, असे रामदास आरंभीच बजावतात. आत्मिक सामर्थ्य आणि चमत्कार यांची येथे स्पष्ट फारकत झालेली आहे. दुसरा मुद्दा परस्परावलंबनाचा : सद्गुरूवाचून सच्छिष्य व्यर्थ आणि सच्छिष्यावाचून सद्गुरूचे श्रमही व्यर्थ. तिसरा मुद्दा प्रपंचाचा. बाराव्या दशकाच्या पहिल्याच समासात प्रपंच नेटका करण्याचा आग्रह आहे, आणि अकराव्या दशकातील शिकवणीत दिनचर्येचे तपशील येतात. ज्याला घरचा व्यवहार सांभाळता येत नाही, त्याच्या परमार्थाविषयी रामदास साशंक आहेत. चौथा मुद्दा विसाव्या दशकातील त्या प्रसिद्ध ओवीचा. चळवळीत सामर्थ्य असते हे मान्य करून, त्याखाली भगवंताचे अधिष्ठान असले पाहिजे, असे ती सांगते. सार्वजनिक सभांतून या ओवीचा पूर्वार्धच अधिक ऐकू येतो. विचाराचा भार मात्र उत्तरार्धावर आहे : यत्न माणसाचा, आधार ईश्वराचा.

या ठिकाणी शुभवर्तमानांतील शिष्यकल्पना तुलनेसाठी घेता येते. लूकच्या शुभवर्तमानात वधस्तंभ उचलून मागे येण्याची आज्ञा ‘दररोज’ या शब्दासह येते. त्यामुळे हौतात्म्याची कल्पना एका असामान्य क्षणातून निघून रोजच्या जगण्यात शिरते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. नवविधा भक्तीत दास्य सातवे, सख्य आठवे आणि आत्मनिवेदन नववे आहे. दासबोधाचे चौथे दशक याच क्रमाने जाते. दास्याकडून सख्याकडे आणि सख्यातून स्वतःला देऊन टाकण्याकडे जाणारी ही वाट दोन्हीकडे ओळखू येण्याजोगी आहे. फरक आहे तो गुरूच्या स्वरूपात. दासबोधातील सद्गुरू शिष्याला आत्मज्ञानापर्यंत पोचवतो. तेथे पोचल्यावर गुरू आणि शिष्य हे द्वैत उरत नाही. ख्रिस्ती शिष्य मात्र अखेरपर्यंत शिष्यच राहतो, आणि त्याचा गुरूच त्याच्या भक्तीचा विषय असतो.

५. टिळक : बाप्तिस्म्यापासून दरबारापर्यंत

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. गिरिप्रवचनाच्या वाचनाने त्यांचे मन वळले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य मुख्यतः अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात गेले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते.

टिळकांच्या विचारातील महत्त्वाची बाब ही की, बाप्तिस्म्याने त्यांनी मराठी भक्तिपरंपरेशी नाते तोडले असे त्यांना कधी वाटले नाही. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. ‘अभंगांजली’तील रचनांत ख्रिस्त गुरू म्हणून येतो आणि माउली म्हणूनही येतो. माउली हा शब्द वारकरी परंपरेत ज्ञानदेवांसाठी रूढ आहे. तो ख्रिस्ताला लावताना टिळकांनी मराठी भाषेत आधीच असलेली भक्तीची एक जागा ख्रिस्तासाठी वापरली, असे म्हणता येईल. या निवडीला कवितेपलीकडचा अर्थ आहे. शिस्त लावणारा गुरू आणि कडेवर घेणारी आई ही दोन नाती एकत्र आली, की सामर्थ्याची कल्पनाही बदलते. दासबोधातील साधक यत्नाने उभा राहतो. टिळकांचा शिष्य प्रथम उचलला जातो आणि मग चालू लागतो. कृपा आधी, यत्न नंतर.

या विचाराचे सर्वांत धाडसी रूप १९१७ मध्ये दिसते. त्या वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना या दरबारात स्थान होते. गुरुपरंपरेत अनुग्रह आणि ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्मा हे प्रवेशाचे दरवाजे होत. टिळकांनी बाप्तिस्मा नाकारला नाही, पण शिष्यत्व त्याच्या आधी येऊ शकते असे मानले. ज्या समाजात बाप्तिस्म्याचे पाणी जातीतून, घरातून आणि भाऊबंदकीतून बाहेर काढणारे ठरत होते, तेथे शिष्य होण्यासाठी आधी समाजाबाहेर जाणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न त्यांनी विचारला. मे १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले; दरबाराला रुजण्यास पुरेसा काळ मिळाला नाही. प्रश्न मात्र राहिला.

कवी आणि संन्यासी या दोन भूमिका एका व्यक्तीत एकत्र येणे मराठी मनाला परके नाही. पोलादपूरची समाधी याचीच साक्ष देते. टिळकांचे वेगळेपण असे की, त्यांचा संन्यास घरदार असलेल्या माणसाचा होता. आणि येथेच दुसऱ्या साक्षीदाराची गरज भासते.

६. लक्ष्मीबाई : सामर्थ्याचा हिशेब

टिळकांच्या ईश्वरावलंबनाची किंमत घरात कोण मोजत होते, याचे उत्तर ‘स्मृतिचित्रे’ देतात. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात टिळक उदार, उतावळे, विसरभोळे, पैशाची पर्वा नसलेले असे दिसतात. घरी येईल त्याला आसरा आणि हाती येईल ते दान, ही त्यांची रीत. उद्याची चिंता न करण्याचा गिरिप्रवचनातील उपदेश त्यांनी अक्षरशः घेतला होता. परंतु उद्या चूल पेटवायची होती ती लक्ष्मीबाईंना.

लक्ष्मीबाईंचा विनोद या फटीतून जन्मतो. त्यात तक्रार आहे, पण कडवटपणा नाही. पतीवर श्रद्धा आहे, पण ती आंधळी नाही. प्रपंच नेटका करण्याचा रामदासांचा आग्रह आणि चिंता सोडण्याचा ख्रिस्ताचा उपदेश हे दोन्ही एकाच घरात एकमेकांसमोर आले, तर काय होते, याचे मराठीतील सर्वांत प्रामाणिक चित्रण येथे आहे. लक्ष्मीबाई या दोहोंपैकी एकाची निवड करीत नाहीत. त्या हिशेब ठेवतात आणि विश्वासही ठेवतात. आत्मिक सामर्थ्यावर विसंबणे म्हणजे व्यवहाराकडे पाठ फिरवणे नव्हे. हाती असलेले सगळे करून झाल्यावरही जे उरते, ते ईश्वराच्या हवाली करणे होय. हा अर्थ त्यांनी सूत्ररूपाने कोठे मांडला नाही. तो त्यांच्या जगण्याच्या वर्णनातून वाचकाला गवसतो.

त्यांच्या शिष्यत्वाचा क्रमही लक्षणीय आहे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही आरंभी त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. जातिभेद ईश्वराने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे त्यांना पटले ते कोणाच्या वादविवादाने नव्हे, तर स्वतःच्या विचाराने. प्रथम खाण्यापिण्यातील भेद गळाला आणि नंतर, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या क्रमाचे टिळकांनी १९१७ मध्ये तत्त्वरूपाने समर्थन केले, तो क्रम त्यांच्या घरात सतरा वर्षे आधी घडून गेला होता. प्लेगच्या दिवसांत रुग्णांची सेवा करणाऱ्या लक्ष्मीबाई पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही पूर्ण करतात. शालेय शिक्षण जवळजवळ न मिळालेल्या स्त्रीने महाकाव्य पुरे करणे हे सामर्थ्याचे एक रूप खरेच. पण पाणी कोणाच्याही हातचे पिणे हे त्याहून अवघड सामर्थ्य होते.

७. पाण्याची कसोटी

‘स्मृतिचित्रां’च्या आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन येते. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू पाण्याने शुद्ध करून घेण्याचा त्यांचा अट्टाहास घरातील सर्वांना जाच करणारा होता. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात. परंतु हा मजकूर प्रथम वाचणाऱ्या महाराष्ट्राने नुकतीच एका तळ्याची शुद्धी पाहिली होती, हे विसरता येत नाही.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून ठराव केला. कागदावर तळे खुले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याची विधिपूर्वक शुद्धी करण्यात आली, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यासंबंधीच्या दाव्याचा उच्च न्यायालयातील निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. हे पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नाही, आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे, असा डॉ. आंबेडकरांच्या महाड येथील भाषणाचा आशय होता.

या घटनेचा ख्रिस्ती शिष्यत्वाशी थेट संबंध नाही. तो लावणे अनुचित होईल. तथापि तिने उभी केलेली कसोटी सर्व परंपरांना लागू पडते. मत्तयाच्या शुभवर्तमानात, शिष्य म्हणून कोणा लहानग्याला गार पाण्याचा एक पेला देणाऱ्याचे प्रतिफळ बुडणार नाही, असे वचन आहे. शिष्यत्वाचे एवढे साधे माप शुभवर्तमानांत क्वचितच सापडेल. महाडने या मापाला एक उलट बाजू दिली : पाणी देणाऱ्याच्या पुण्यापेक्षा ते घेणाऱ्याचा हक्क आधी येतो. ख्रिस्ती मंडळ्याही या कसोटीला सदैव उतरल्या असे म्हणता येत नाही. धर्मांतरानंतरही जात शिल्लक राहते, ही टीका डॉ. आंबेडकरांनी भारतीय ख्रिस्ती समाजावर केली आहे. ते लेखन त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही टीका ध्यानात घेतली, म्हणजे लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्म्याच्या पाण्याआधी पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सोडवला, या क्रमाचे महत्त्व अधिक कळते.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. मराठी ख्रिस्ती साहित्यातील शिष्यत्व ही बाहेरून आणून लावलेली कल्पना नाही; ‘शिष्य’, ‘गुरू’, ‘सामर्थ्य’, ‘कृपा’ या शब्दांनी ती मराठीच्या जुन्या चर्चेत प्रवेश करते आणि त्या चर्चेत भरही घालते. दासबोधाने सामर्थ्याला चमत्कारापासून वेगळे करून यत्न आणि अधिष्ठान यांवर उभे केले. टिळकांनी कृपेला आधी ठेवून शिष्यत्व विधीच्या कुंपणातून बाहेर आणले. लक्ष्मीबाईंनी ते घरातील हिशेबाला आणि पाण्याच्या तांब्याला लावून पाहिले. महाडने ही परीक्षा घराबाहेर, सार्वजनिक पाणवठ्यावर नेली.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक सूचना निघते. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना विनोदाबरोबर सोवळे गळून पडण्याचा भाग सलगपणे वाचला जावा, आणि त्याच्या शेजारी दासबोधातील शिष्यलक्षण व प्रपंचविचार ठेवले जावेत. महाड-पोलादपूर भागातील महाविद्यालयांना यासाठी दूर जावे लागत नाही. घळ, समाधी आणि तळे त्यांच्या एका दिवसाच्या फेरीत येतात. धार्मिक म्हणून बाजूला ठेवलेला प्रश्न वस्तुतः वाङ्मयीनही आहे आणि सामाजिकही, हे विद्यार्थ्यांना तेथे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.